गाडी खोलू नका, चालती ठेवा

वाड्याच्या बोळात, बंगल्यामागच्या शेडमध्ये किंवा गावाकडे गोठ्याशेजारी एखादी स्टँडर्ड हेराल्ड, मॉरिस मायनर किंवा ऑस्टिन वर्षानुवर्षं उभी असेल आणि ती पुन्हा रस्त्यावर काढावी असं घरात कोणाच्या तरी मनात घोळत असेल, तर हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. संग्राहकांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांच्याकडे पगारी मिस्त्री असतात, छपराची गॅरेजं असतात आणि एक गाडी सहा महिने बंद राहिली तर दुसरी असते. मी बोलतोय ते एकच जुनी गाडी, आठवड्याला एक रविवार आणि बेताचे पैसे असलेल्या माणसाशी.

त्याला माझी पहिली विनंती ही, की गाडी खोलू नका.

नेहमी घडतं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत उत्साह येतो. ‘करायचंच तर एकदाच नीट करू’ म्हणत सीट निघतात, काचा निघतात, दारं निघतात. इंजिन एका गॅरेजात जातं, रेडिएटर दुसरीकडे, सीट कुशनवाल्याकडे. रंग ‘आतूनसुद्धा’ द्यायचा म्हणून बॉडी चासीवरून उचलली जाते. मग कोणाची बदली येते, कोणाचं लग्न निघतं, मुलाची दहावी येते, गावाला गेलेला मिस्त्री परत येत नाही. नटबोल्टांचे डबे एकमेकांत मिसळतात. दोन-तीन वर्षांनी कळतं, की ज्याच्याकडे दारं दिली होती त्याने दुकान हलवलं. शेवटी उरलेला सांगाडा भंगारवाला वजनावर घेऊन जातो. गंजाने जितक्या गाड्या संपल्या त्याहून जास्त या उत्साहाने संपल्या असाव्यात, असं माझं मत आहे, आणि ते बदलावं असं काही अजून पाहिलेलं नाही.

म्हणून एक नियम घालून घ्या. रविवारी सकाळी जे सुटं कराल ते अंधार पडायच्या आत परत जोडता आलं पाहिजे. जोडता येणार नसेल तर ते काम तुमचं नाही, निदान अजून नाही. रंग, क्रोम, सीटची कापडं सगळ्यांत शेवटी. आधी गाडी थांबली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे, मग पेटली पाहिजे, मग दिसली पाहिजे. हा क्रम उलटा केलेल्या गाड्या प्रदर्शनात चमकतात आणि परत येताना टो करून आणाव्या लागतात.

पुढे बहुतेक उदाहरणं हेराल्डची देतो, कारण घरी काम करायला तिच्याइतकी सोयीची ब्रिटिश गाडी क्वचित सापडेल. ती मुळात कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फची. १९५९च्या एप्रिलमध्ये बाजारात आली. रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने दिलेलं. त्या काळात बाकीच्या कंपन्या चासी आणि बॉडी एकसंध करू लागल्या होत्या. स्टँडर्ड-ट्रायम्फला ते जमेना, कारण बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली होती. मग यांनी वेगळी चासी कायम ठेवली, बॉडीचे लहान लहान भाग वेगवेगळ्या ठिकाणी करून घेतले आणि बोल्टने एकमेकांना जोडले. नाइलाजातून निघालेली ही वाट तुमच्या-आमच्या पथ्यावर पडली. सडलेला भाग तेवढाच उतरवून बदलता येतो, बाकीच्या गाडीला हात लावावा लागत नाही. त्याची किंमतही आहेच: जिथे जोड तिथे पाणी, आणि जिथे पाणी तिथे गंज.

मद्रासजवळच्या कारखान्यात स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ही गाडी १९६१पासून बनवली. ब्रिटनमध्ये हेराल्डचं इंजिन ११४७ आणि पुढे १२९६ सीसीपर्यंत वाढलं. आपल्याकडे ९४८ सीसीच राहिलं. उलट आपल्याकडे चार दारांची हेराल्ड निघाली, जी ब्रिटनमध्ये कधीच नव्हती. या दोन गोष्टी सुटे भाग मागवताना लागतील.

हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटं होतं. इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन सगळं समोर उघडं पडतं. पुढच्या टायरवर बसून टॅपेट सेट करता येतात, कंबर मोडत नाही. शिवाय ही गाडी २५ फुटांच्या वर्तुळात पूर्ण वळते. पुण्याच्या पेठांत आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ते साधत नाही.

आता कामाला लागू. पहिलं काम ब्रेकचं. गाडी पाच-दहा वर्षं उभी असेल तर आधी इंजिन पेटवून बघायचा मोह आवरा. ते बहुधा पेटतं, आणि पेटलं की माणूस एक चक्कर मारायला निघतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. त्या ओलाव्याने चाकांतल्या सिलिंडरांना आतून गंज धरतो, पिस्टन अडकतात, रबरी सील जागेवर चिकटून बसतात. पेडल पायाला घट्ट लागतं, माणूस खूश होतो, आणि प्रत्यक्षात चारपैकी एखादंच चाक थांबत असतं. त्यात या गाड्यांच्या ब्रेकची लाइन एकच. कुठलाही एक होज फाटला की चारही चाकांचे ब्रेक जातात, उरतो तो हँडब्रेक. म्हणून रबरी होज सगळे, चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचं किट हे बाहेरून कसेही दिसत असले तरी बदला. ‘अजून चालतील’ हे वाक्य ब्रेकच्या बाबतीत घरात उच्चारू देऊ नका. पुढे दर दोन वर्षांनी ऑइल नवं भरा. सिलिकॉनचं ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं, ते नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळू नये. आणि इंजिन ऑइलचा थेंबही ब्रेकच्या डब्यात जाता कामा नये, त्याने सगळे सील फुगून निकामी होतात.

ब्रेकसाठी चाकं काढावी लागणार, म्हणून दोन सूचना इथेच. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. दोन लोखंडी घोड्या घ्या, चासीच्या मजबूत भागाखाली लावा, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, मग गाडी जोराने हलवून बघा. खाली शिरायचं ते त्यानंतर. विटा चालत नाहीत. वीट सांगून फुटत नाही. दुसरं, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ऍस्बेस्टॉस असतो. ड्रम काढल्यावर आतली काळी पूड फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची आपल्या गॅरेजांत सवय आहे. ती पूड फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. नाकातोंडाला चांगला मास्क बांधा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. मुलं बघायला आली असतील तर त्या वेळी त्यांना लांब बसवा.

टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून खूश होऊ नका. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांवरचा टायर नवा दिसत असला तरी जुनाच. तीनच आकडे असतील तर तो मागच्या शतकातला आहे, मग विचारच करू नका.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण जुन्या मिस्त्रींच्या काळात हा प्रश्न नव्हता. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्यांचं रबर त्यासाठी घडवलेलं नाही. जुना होज आतून मऊ होतो, मग चिरतो आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर ठिबकू लागतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदाही असाच जातो. इथेनॉल पाणी शोषून घेतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप इथेनॉल सोसणारे घाला. ते नेहमीच्या पाइपापेक्षा महाग असतात, पण पाईप असतो हातभर. एक फिल्टर टाका. गाडी महिन्यातून एकदा तरी पाच-दहा किलोमीटर फिरवा, आणि ते जमणार नसेल तर टाकी रिकामी करून ठेवा. डिकीत आग विझवण्याचा सिलिंडर हवा, तो सीटखाली ब्रॅकेटमध्ये बसवला तर आणखी चांगलं, कारण आग लागली की डिकी उघडायला कोणाला सुचत नाही.

शिशाच्या पेट्रोलबद्दल मात्र फार घाबरवलं जातं. आपल्याकडे शिसं २०००मध्ये गेलं. त्या शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांची झीज कमी व्हायची, हे खरं. पण महिन्यातून चार वेळा सावकाश चालणाऱ्या गाडीच्या सीटा काही एका वर्षात झिजत नाहीत. टॅपेटचा गॅप दर वेळी कमी झालेला आढळू लागला तर समजा की झीज सुरू आहे. पुढे कधी हेड काढायची वेळ आलीच तर कठीण धातूच्या सीटा बसवून घ्या. केवळ त्यासाठी हेड काढायला जाऊ नका.

आता ट्रनियन. हेराल्डवाल्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

पुढचं चाक वळतं ते एका उभ्या पोलादी दांड्याबरोबर. या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते काशाच्या एका ठोकळ्यात फिरतात. हा ठोकळा म्हणजे ट्रनियन. स्टिअरिंग फिरवाल तसा दांडा त्या आट्यांत किंचित चढतो, किंचित उतरतो, आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन या जोडाने धरलेलं असतं. या जोडाला लागतं गिअरबॉक्सचं ९० नंबरचं तेल. ग्रीस लागत नाही. ग्रीस आट्यांत खोलवर उतरत नाही, काही महिन्यांत सुकून घट्ट होतं, आणि त्याच्या आड पावसाचं पाणी अडकून राहतं. पोलाद आतून कुजत जातं आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. मग एक दिवस पार्किंगमध्ये स्टिअरिंग पुरतं फिरवताना दांडा आट्यांपाशी तुटतो आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं. बहुतेक वेळा हे मंद वेगात घडतं, म्हणून लोक हसून सांगतात. घाटात घडलं तर सांगायला कोणी उरणार नाही.

गोम अशी, की आपल्याकडे सर्व्हिसिंगला गाडी टाकली की पोरगा ग्रीस गन घेऊन खाली शिरतो आणि दिसेल त्या निपलमध्ये ग्रीस भरतो. त्याला तेच शिकवलेलं असतं. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, हे काम स्वतः करा. एक वेगळी ग्रीस गन विकत घ्या, तिच्यात ९० नंबरचं तेल भरा आणि तिच्यावर रंगाने ठळक ‘तेल’ असं लिहा. ती ठिबकेल, खाली जुनं वर्तमानपत्र ठेवा. चाक उचलून जोडावरचा भार कमी करा आणि जोडाच्या वरच्या कडेतून तेल झिरपू लागेपर्यंत पंप मारा. आधी काळं, तपकिरी काहीतरी बाहेर येईल, मग स्वच्छ तेल येईल. निपलच्या जागी नुसता स्क्रू असेल तर तो काढून तात्पुरतं निपल बसवा. हे एकदा पावसाळ्याआधी, एकदा पावसाळा संपल्यावर. आजवर ग्रीसच भरलं गेलं असेल, आणि बहुतेक गाड्यांत भरलं गेलेलं असतं, तर जाणत्या मिस्त्रीकडून दोन्ही जोड सोडवून घ्या. आट्यांवर गंजाने पडलेले खड्डे दिसले तर तो दांडा पॉलिश करून परत घालू देऊ नका. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, त्यांची अदलाबदल होत नाही.

मॉरिस मायनरलाही पुढे ट्रनियन आहेत, आणि दुर्लक्ष झालं तर तिचंही चाक असंच दुमडतं. पण तिच्या ट्रनियनना ग्रीसच लागतं, आणि तेही वारंवार. एकीचं औषध दुसरीला देऊ नका.

हेराल्डच्या मागच्या चाकांचीही एक खोड आहे. वळणात वेगात असताना एकदम ऍक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला तर बाहेरच्या बाजूचं मागचं चाक आत दुमडायला बघतं आणि गाडीचं शेपूट सुटतं. दुरुस्तीने ही खोड जात नाही. वेग कमी करायचा तो वळणाआधी. नवा ड्रायव्हर असेल तर त्याला घाटात गाडी देण्याआधी हे सांगून ठेवा.

हत्यारांचं म्हणाल तर घरातला मिलिमीटरचा पाने-सेट बाजूला ठेवा. हे पाने या नटांना बसत नाहीत, बसल्यासारखे वाटतात. अर्ध्या इंचाच्या नटावर १३चा पाना जातो, फरक फक्त ०.३ मिलिमीटरचा. नट सैल असेल तर तो निघेलही. गंजलेला असेल तर पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात आणि बोटांची सालटी निघतात. जुने मिस्त्री सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतात: साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत. हेराल्डचं बरंचसं काम या तीन मापांत होतं. जुन्या बाजारात असे पाने किलोवर मिळतात आणि आजच्या स्वस्त सेटपेक्षा त्यांचं पोलाद कितीतरी चांगलं असतं. १९५०च्या आधीची गाडी असेल तर मात्र व्हिटवर्थ मापाचे पाने लागतील. त्यांच्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या माथ्याचा नाही, म्हणून पाव इंच लिहिलेला पाना पाव इंच माथ्याच्या नटाला बसत नाही. एमजी टीसीच्या इंजिनात तर आटे मिलिमीटरचे आणि नटांचे माथे व्हिटवर्थचे. ब्रिटिश लोक याला परंपरा म्हणतात.

गंजलेल्या नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवा. बसवताना पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरवा, पाना नंतर. आटे वाकडे धरले की बोल्ट तर जातोच, पण हेडमधले आटे गेले तर लेथवाल्याकडे जावं लागतं, आणि तुमचा रविवार महिनाभर लांबतो. सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, तोही जरा लांबून एक आणि जवळून एक.

विजेच्या बाबतीत या गाड्या बदनाम आहेत. त्यांचं विजेचं सामान पुरवणाऱ्या लुकास कंपनीला खुद्द ब्रिटनमधले लोक थट्टेने अंधाराचा राजकुमार म्हणत. ही थट्टा मला थोडी अन्यायाची वाटते. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत दिवा मंद जळतो, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: अर्थिंग. दिव्याचा करंट परत जातो तो पत्र्यातून, आणि पत्र्याच्या जोडात गंज आणि रंगाचे थर असतात. वायरीचं टोक सोडा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा, वर थोडं व्हॅसलीन लावा. निम्मी भुतं तिथेच पळतात.

उरलेली शोधायला वायरींचे रंग पाठ करा. ब्रिटिश गाड्यांत ते ठरलेले आहेत. तपकिरी वायर थेट बॅटरीची, तिच्यात करंट कायम. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी त्यातूनच फ्यूजनंतर निघते. निळ्या हेडलाइटच्या, लाल छोट्या दिव्यांच्या, काळी अर्थिंगची. एवढं माहीत असलं आणि हातात एक साधा टेस्ट लॅम्प असला की तुम्ही बिघाडाच्या जागेपर्यंत पोहोचता. बिघाड न शोधता प्रत्येक तक्रारीला एक नवी लाल वायर ओढून देणारा इलेक्ट्रिशियन गाडीला लावू नका. चार-पाच जणांनी तसं केलं की डॅशबोर्डमागे काय आहे ते कोणालाच कळत नाही, आणि गाड्या जळतात त्या अशा.

बॅटरी जोडण्याआधी मात्र थांबा. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला बॅटरीचं प्लस टोक जोडलेलं असतं. मॉरिस मायनर शेवटपर्यंत तशीच होती. आजच्या सवयीने मायनस बॉडीला लावाल तर घोटाळा होईल. आधी नीट बघा, मॅन्युअलमध्ये तपासा, आणि बॅटरीच्या खोक्याजवळ रंगाने लिहून ठेवा. फ्यूज या गाड्यांत अगदी मोजके असतात, तेव्हा बॅटरी तोडणारा एक साधा स्विच बसवून घ्या आणि रात्री तो बंद करत जा. लांब उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायरी खाल्ल्या आहेत का तेही बघा. सीटखाली आणि हवेच्या नळीत त्यांची घरटी हमखास सापडतात.

इंजिनाची कामं त्यामानाने सोपी आणि मजेची आहेत, त्यांवर फार लिहीत नाही. लांब उभ्या गाडीचे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळूच पुढेमागे ढकला. इंजिन मोकळं फिरलं तरच स्टार्टर. हेराल्डला सीबी पॉइंटचा गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा २५ थाऊ, टॅपेट थंड इंजिनवर १० थाऊ, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. तेल साधं २०डब्ल्यू-५०, पातळ सिंथेटिकच्या नादी लागू नका. वर्षातून एकदा बदला, गाडी चालली असो वा नसो. नवे कंडेन्सर आजकाल फार भिकार येतात. जुना चालतोय तोवर तो काढू नका, आणि काढलाच तर जपून डिकीत ठेवा.

एक तपासणी मात्र सगळ्यांनी करावी. इंजिन बंद ठेवून घरातल्या कोणाला तरी क्लच दाबायला बसवा आणि तुम्ही पुढच्या पुलीकडे बघा. पुली पुढेमागे सरकताना सहज डोळ्याला दिसत असेल तर गाडी चालवू नका. क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते अर्धचंद्राकृती असतात. फार झिजले की खाली चेंबरमध्ये पडतात, क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि इंजिन संपतं. वेळीच लक्षात आलं तर इंजिन न उतरवता, नुसतं खालचं ऑइल चेंबर काढून ते बदलता येतात. इंजिनवाला ‘पूर्ण खोलावं लागेल’ म्हणाला तर दुसऱ्याला विचारा.

गंजाचं आपल्या हवेत, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, करावं तेवढं थोडं. हेराल्डच्या चासीला बाजूला निघालेले जे हात असतात ते आधी सडतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर टोकाने टोचून बघा. लांबी भरून वर रंग मारणाऱ्याला चासीच्या जवळपास फिरकू देऊ नका. तिथे नवा पत्रा कापून वेल्डिंगच हवं, आणि तेही एका वेळी एका बाजूचं, गाडी सपाट जागी टेकवून, नाही तर चासी वाकडी होते. दारांच्या तळाला पाणी वाहून जायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. पावसाळ्यात गालिचे काढून घरात ठेवा. आणि प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट बांधू नका. आतला ओलावा बाहेर पडत नाही, चार महिन्यांत ती गाडीचं जे करते ते उघड्यावरचा पाऊससुद्धा करत नाही. सुती कव्हर घाला, वर छप्पर असू द्या.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. आरसी बुक वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर इतर काहीही करण्याआधी ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. गाडीवर पैसे ओतल्यावर भावंडांत वाद उभा राहण्यापेक्षा हे बरं. २०२१पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. आणि चासी, बॉडी किंवा इंजिन मुळापासून बदललेलं असेल तर ती या नियमात बसत नाही. म्हणजे मारुतीचं इंजिन घालून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणायला आता कायद्याचंही कारण आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरी तिथले बरेच जण ती स्वतःहून करून घेतात. आपणही वर्षातून एकदा दुसऱ्या जाणत्या माणसाला गाडीखाली घालावं. आपल्या गाडीतला दोष आपल्याला दिसत नाही.

सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार अर्धीच खरी आहे. ब्रिटनमध्ये हेराल्ड १९७१मध्ये बंद झाली, पण तिचं पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स गाडीतही होतं, आणि ती १९८०पर्यंत निघत होती. त्या गाडीचे शौकीन अजून भरपूर, म्हणून ट्रनियन, बुश, ब्रेकची किटं तिकडे आजही नवी बनतात. मागवताना मात्र ९४८ सीसीचं आणि ड्रम ब्रेकचं स्पष्ट सांगा. लंडन-बर्मिंगहॅमकडे भाचा किंवा भाची असेल तर येताना चॉकलेटऐवजी ट्रनियन आणायला सांगा, जागा कमी लागते. चार दारांच्या गाडीची मागची दारं, काचा आणि त्यांचं रबर मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाही. ती आपल्याच जुन्या बाजारात शोधावी लागतात, आणि गाडी नीट असतानाच शोधून ठेवलेली बरी.

वर्कशॉप मॅन्युअल घ्या, हेन्सचंही घ्या. जॉन हेन्स यांनी १९६६मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटवर या मालिकेतलं पहिलं पुस्तक काढलं ते गाडी प्रत्यक्ष सुटी करून, प्रत्येक पायरीचे फोटो घेऊन. इंग्रजी कच्चं असलं तरी चित्रांवरून बरंच कळतं. पण पुस्तकापेक्षा मोठा आधार म्हणजे या गाड्या नव्या असताना ज्यांनी हाताळल्या ते मिस्त्री. ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना गाडीखाली घालू नका, खुर्ची द्या, शेजारी बसवा, आणि पाना तुमच्या हातात ठेवा. आवाज ऐकून टॅपेट कुठला सैल आहे हे सांगणारा कान पुस्तकात मिळत नाही. चहावर भागवू नका, दिवसाची मजुरी द्या. सांगतील ते वहीत लिहा, आणि घरातल्या मुलीला, मुलाला बरोबर बसवा.

येत्या रविवारी बॅटरीची तार सोडा, चाकांना ओंडके लावा, घोडी लावून एक चाक काढा आणि ड्रम उघडून आत काय आहे ते बघा. पूड ओल्या फडक्याने पुसा, फोटो काढा, सिलिंडरवरचा नंबर वहीत उतरवा आणि संध्याकाळी ड्रम परत बसवा. रंगवाल्याला अजून फोन करू नका.